सतरंजीने ऐकलेलं भाषण

मित्रांनो, माझ्यावर बसला नाही असा एक माणूस खडवलीत शोधून दाखवा! मी इथल्या समाजमंदिरातली जुनी सतरंजी. समाजमंदिराचा कारभार बघणाऱ्या विश्रामशेठनी मला कल्याणच्या बाजारातून आणलं, तेव्हा माझे निळे-लाल पट्टे काय उठून दिसायचे! पुढे हळदी झाल्या, बारशी झाली, मंडळाच्या मीटिंगा झाल्या. अंगावर रस्सा सांडला, पण मेलं कुणी साधं झटकलंसुद्धा नाही.

मग नोरा आली. थेट आयर्लंडहून, शाळा सुटल्यावर गावच्या पोरांना फुकट इंग्रजी शिकवायला. विश्रामशेठनी खुर्ची पुढे केली, तर ही बाई चपला काढून पोरांमध्ये माझ्यावरच बसली! दर शनिवारी मला कठड्यावर टाकून काठीने झोडपायची. अंग दुखायचं, पण किती बरं वाटायचं हो!

तिच्या या इंग्रजीच्या क्लबात कल्पिता सगळ्यात चुणचुणीत. नुकतीच दहावी झालेली. तिला कल्याणच्या कॉलेजात जायचं होतं आणि तिचा बाप गणू म्हणायचा, "दहावी झाली ना? लय झाली." नोरा मोडक्या मराठीत त्याला म्हणाली, "मी परत जाणार. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाला या. कल्पिता इंग्रजीत बोलेल. ऐका, मग सांगा."

गणू म्हणाला, "बरं. आयकतो नि मंग सांगतो."

आणि तो आला, बरं का! डोंबिवलीच्या कंपनीत रातपाळी होती, तरी डबा घेऊन दाराजवळ माझ्या कडेला बसला. कल्पिता स्टेजच्या कोपऱ्यात उभी. पण आपल्याकडे सत्काराशिवाय कार्यक्रम होतो का? विश्रामशेठनी नोराला शाल आणि नारळ दिला. मग सरपंचांना शाल. मग माजी सरपंचांना, कारण त्यांना वगळलं तर ते वर्षभर तोंड बघणार नाहीत. मग मंडळाचे अध्यक्ष. ज्याला शाल मिळाली तो माइक सोडेना! नोरा सारखी विचारत होती, "कल्पिता?" विश्रामशेठ म्हणत होते, "हां हां, लगेच. पाहुण्यांचं उरकू द्या."

शेवटी गणूच्या गाडीची वेळ झाली. तो उठला.

कल्पिता धावत आली. "पप्पा, थांबा ना, आता माझाच नंबर आहे!"

"सगल्यांचा नंबर लागला, तुझाच नाय," गणू म्हणाला. "शिकून बी कोपऱ्यातच उभं ऱ्हायचं, तं घरीच बरी तू."

तो रागावला नव्हता. त्याला पोरीचं वाईट वाटलं होतं, आणि तेच मला सहन होत नाही.

सत्कार संपले आणि कल्पिताचा नंबर न लागताच मंडळी वडापाव खायला बाहेर गेली. नोराच्या भोवती सगळे फोटोला उभे राहिले. आत कल्पिता एकटी माझ्यावर उभी राहून तिचं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलली. एकदाही अडखळली नाही. मला इंग्रजी कळत नाही, पण ते ऐकून गणू नाही म्हणाला नसता, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन, मला छाती असती तर.

नोरा गेली. क्लब बंद पडला. कल्पिता घरीच आहे. परवा एका हळदीला मला अंथरायला आली, तेव्हा दाराजवळची ती कडा तिने हाताने सारखी केली आणि निघून गेली.

मित्रांनो, मला झटकू नका, ऊन दाखवू नका, उंदरांनी कुरतडलं तरी चालेल. फक्त पुढच्या वेळी शाली जरा बाजूला ठेवा आणि आधी पोरीला बोलू द्या. बाप दारात बसलाय.