साडेचौदा मीटर

विहिरींचं पाणी मोजायचं काम मी अठरा वर्षं करतेय. लोखंडी फितीला खडू फासायचा, ती विहिरीत सोडायची, वर ओढायची. खडू भिजला तिथे पाणी. माप काठापासून घ्यायचं. यात अक्कल लागत नाही असं साहेबांचं मत.

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीच्या विहिरीत पाणी चौदा मीटरवर होतं, या महिन्यात फीत साडेतेरा दाखवायला लागली. पाणी वर आलं म्हणून साहेब खूश. वरच्या अंगाचा शीतपेयांचा कारखाना खोल बोअर मारायच्या परवानगीसाठी टपलेलाच होता. मी साहेबांना सांगितलं, मधल्या काळात तुमच्या कंत्राटदाराने दुरुस्तीच्या नावाखाली कठडा पाडून काठ एक मीटरने खाली आणलाय. पाणी चढलं नाही, काठ उतरलाय. जुन्या काठापासून मोजलं तर साडेचौदा, म्हणजे पाणी उलट अर्धा मीटर खाली गेलंय. त्यात वर बोअर मारली तर विहीर कोरडी पडणार.

साहेबांनी मला शाळेतला धडा ऐकवला. वाफ होते, ढग होतात, पाऊस पडतो, पाणी कुठे जात नाही.

"कुठे जात नाही, कबूल," मी म्हणाले. "पण परत आमच्याच विहिरीत येईल असं ढगांनी लिहून दिलंय का? खालचं पाणी मुरायला शेकडो वर्षं लागलीत, साहेब. ते उपसायला दोन वर्षं पुरतील."

साडेतेरावर सही करा, नाहीतर बदलीची तयारी ठेवा, असं त्यांनी सुनावलं. माझं डोकंच फिरलं. मी नोंदवहीत साडेचौदा लिहून सही ठोकली आणि रंगाचा डबा घेऊन थेट विहीर गाठली. परवानगीची सुनावणी दुसऱ्या दिवशी होती आणि सगळी वस्ती विहिरीपुढच्याच रस्त्याने जाणार होती.

विहिरीच्या पंपघराच्या भिंतीवर साडेचौदाचा पहिला आकडा काढत होते तेवढ्यात धाकटा दीर आला. कारखान्यात त्याच्या नोकरीचं पक्कं ठरलं होतं. त्यावरून आठवडाभर घरात धुसफूस चालू होती, सासूबाई माझ्याशी धड बोलत नव्हत्या. हा आता ब्रश हिसकावणार असं मला वाटलं. मीही हटणार नव्हते.

त्याने काठावरून वाकून आत बघितलं.

"माझी नोकरी गेलीच म्हणायची," तो म्हणाला. मग रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला आणि तिथून ओरडला, "आकडा मोठा काढा, वहिनी. इथून वाचता येत नाही."