दिव्याभोवतीची कडी

"मी आणलेले थेंब कुठायत?" उत्तराने विचारलं. यज्ञेश्वर निळ्या बाटलीतल्या पाण्याने डोळे धूत होता.

"फडताळात. महाराज म्हणाले, थेंबांनी दृष्टी जड होते."

महाराज म्हणे! हा वेणीमाधव गंगापूर रोडच्या बंगल्यात रंगीत बाटल्या उन्हात ठेवून त्यांतलं पाणी औषध म्हणून वाटायचा. सात वर्षांपूर्वी, एकाहत्तर साली, तो रेडिओ दुरुस्त करीत असे. तेव्हा लोक त्याच्याकडे ट्रान्झिस्टर नेत, आता डोळे नेत होते. खोलायची हौस दांडगी, जुळवणं मात्र त्याला तेव्हाही जमत नव्हतं.

उत्तरा डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. नवऱ्याला दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, तेव्हाच तिला शंका आली. डॉक्टरांनी तपासून काचबिंदू असल्याचं सांगितलं. थेंब रोज घालायचे, कारण यात गेलेली नजर परत येत नाही. महाराजाने सांगितलं की ते तेजोवलय आहे, लाखात एकाला दिसतं.

लाखातला एक व्हायला कुणाला आवडत नाही? शाळेत ड्रॉइंग शिकवणाऱ्या या माणसाने वीस वर्षं गोदाघाट रंगवला होता. ओल्या पायऱ्या, पिळलेली धोतरं, पितळी तांबे, सगळं हुबेहूब. कुणी थांबून पाहिलं नाही. आता तो माणसांच्या डोक्यांभोवती वलयं काढू लागला, तर लोक चित्रापुढे हात जोडू लागले. त्यांत शाळेचे हेडमास्तरही होते, म्हणजे शिक्षणाचाही आनंदच होता.

"थेंब घातले की वलयं जातील ना गं?" त्याने एकदा विचारलं.

"जाणारच. त्यासाठीच असतात ते."

"मग माझ्याकडे राहिलं काय? घाट?"

उत्तराला हे झोंबलं. तिला तो घाट मनापासून आवडायचा. पण बायकोच्या आवडण्याला त्याच्या लेखी काडीची किंमत नव्हती. ती रोज सांगत राहिली आणि तो रोज हसत राहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

चार वर्षांनी महाराजाने त्याचं प्रदर्शन भरवलं आणि खांद्यावर शाल घातली. "बाहेरची दृष्टी मिटते तेव्हा आतली उघडते," तो माइकवर म्हणाला. महाराजाच्या स्वतःच्या नाकावर नवाकोरा चष्मा होता. नंबर उत्तराच्याच दवाखान्यात काढलेला, ते कार्ड तिनेच लिहिलं होतं. यज्ञेश्वर मात्र आपल्याला अजून दिसतं, असंच सगळ्यांना सांगत होता. तिलासुद्धा.

पुढच्या रविवारी सकाळी तो म्हणाला, "आज तुझं चित्र काढतो. बस समोर."

ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. थोड्या वेळाने दूध उतू गेल्याचा वास आला, तशी ती उठून आत गेली. गॅस बंद करून परतली तर तो कागदावर वाकून रंग लावत होता. मधूनच मान वर करून खुर्चीकडे बघत होता.

"मान जरा डावीकडे कर, उत्तरा," तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला. "हां, बास. छान दिसतेयस."

ती दारातच थांबली. इतकी वर्षं साठवलेलं सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. ते बोलायचा तिला हक्कही होता.

पाय न वाजवता ती खुर्चीपाशी गेली, हलकेच बसली आणि तिने मान डावीकडे वळवली.