मावशी माझ्यावर बसून शिकली

मित्रांनो, मला बघायचं असेल तर जरा वाका. अजून थोडं. हां, आता दिसले ना? मी बालवाडीतली एक जुनी लाकडी खुर्ची. उंचीने तुमच्या गुडघ्याएवढी आणि वयाने तुमच्या आईएवढी. लोक मला बुटकी म्हणतात. म्हणोत बापडे! जिथे सगळी जनताच बुटकी, तिथे उंच खुर्चीला विचारतो कोण?

मला एका सुताराने घडवलं. बालवाडीचं मोठं कपाट झाल्यावर काही फळ्या उरल्या होत्या. त्या टाकून देणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्याने त्यांतून मला उभी केली. माझ्या कडा त्याने इतक्या घासल्या, की आजवर एकाही मुलाच्या बोटात माझं कुसळ गेलं नाही. त्या सुताराचं मला फार कौतुक आहे. तो पुन्हा कधी आला नाही, पण माझी पाठ अजून त्याच्या हाताचा गुळगुळीतपणा सांगते.

पुढची कितीतरी वर्षं मजेत गेली. मी कधी आगगाडीचं इंजिन झाले, कधी दवाखाना, कधी घर. मुलं माझ्यावर बसली, उभी राहिली, माझ्याखाली लपली. मग रंगीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. हलक्या, धुवायला सोप्या. त्याच सुमारास माझा एक सांधा सैल झाला आणि मी कुरकुरायला लागले. कुरकुर करणारं माणूस कुणाला आवडत नाही, तिथे खुर्चीचं काय घेऊन बसलात? माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. झाडू, फुटक्या बादल्या आणि एक कोळी, एवढाच काय तो गोतावळा. त्या दिवसांबद्दल जास्त बोलत नाही.

तिथून मला बाहेर काढलं ते मावशीने. मावशी बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम करायची. जेवण करणं, भांडी घासणं, ओटा पुसणं, सगळं तिच्याकडे. भाज्या सोलायला खाली बसता येईल असं काहीतरी तिला हवं होतं. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, बसून पाहिलं आणि म्हणाली, "चालेल." मित्रांनो, एवढ्या एका शब्दाने माझ्या जिवात जीव आला.

मावशीचे हात एका जागी राहायचे नाहीत. एकीकडे पातेलं घासताना ती दुसरीकडे येताजाता मुलांची नाकं पुसायची. एकदा तर एका पालकाचंच नाक पुसायला निघाली होती, तो बिचारा मागे सरकला म्हणून वाचला! लहानपणी पाठच्या भावंडांसाठी तिची शाळा सुटली. मग स्वतःचा संसार आला. पण गाजर सोलताना तिची नजर सारखी समोरच्या खोलीत असायची. तिथे शिक्षिका मुलांना गोष्टी सांगायच्या, मातीचे हत्ती करू द्यायच्या. आपण त्या खोलीत असावं असं मावशीला मनापासून वाटायचं. ती ते कुणाला बोलली नव्हती. मला कळायचं, कारण सोलणं संपलं तरी ती उठायची नाही.

एके दिवशी बालवाडीच्या प्रमुख, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, स्वयंपाकघरात आल्या. लहान मुलांना शिकवणारी तयार माणसं कमी पडत होती. म्हणून सरकारने एक वाट काढली होती. बालवाडीत आधीपासून काम करणाऱ्यांनी काम करता करताच शिकायचं. आठवड्यातले काही दिवस प्रशिक्षण केंद्रात, उरलेले दिवस आपल्याच बालवाडीत, अनुभवी शिक्षिकेच्या नजरेखाली. फी सरकार भरणार, पगार कापला जाणार नाही. शेवटी केंद्रातून एक परीक्षक बाई येऊन मावशीला मुलांबरोबर काम करताना बघणार. संधी दोनच. दोन्ही हुकल्या तर जागा दुसऱ्याला आणि मावशी परत पातेल्यांकडे.

मावशीला आधी ही थट्टाच वाटली. फी कोण भरणार, हे तिने पुन्हापुन्हा विचारलं, आणि दर वेळी तेच उत्तर आलं. मग तिने हात पुसले आणि कुठे सही करायची ते विचारलं.

मोठ्या बाईंचा एक नियम होता. शिकाऊ शिक्षिकेने मुलांशी बोलताना त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं. मावशी बसली की प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे पाय फाकायचे. झालं! मावशीने मला काखेत मारलं आणि आम्ही दोघी त्या खोलीत दाखल झालो. माझ्यासाठी तर ते माहेरी परतणंच होतं.

त्या खोलीत एक मुलगी होती. मी मनातल्या मनात तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. तिचं सगळंच निवांत. बाकीची मुलं अंगणात धूळ उडवत असायची तेव्हा ही एक मोजा हातात धरून त्याच्याकडे बघत असायची.

परीक्षक बाई पहिल्यांदा आल्या, त्या दिवशी मावशीने कमाल केली. मुलांना अंगणात न्यायची वेळ झाली आणि तिचे हात विजेसारखे चालले. जॅकेटांच्या चेन वर, बूट पायांत, नाकं स्वच्छ. गोगलगाईलाही तिने कधी तयार केलं ते त्या पोरीला स्वतःलाच कळलं नाही. सगळी मुलं रांगेत उभी. मावशीने अभिमानाने परीक्षक बाईंकडे पाहिलं.

परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "मुलं तुमच्याजवळ सुखरूप आहेत. पण आता यातलं मुलांनी स्वतः काय केलं, ते मला सांगा."

मावशी रांगेतला एकेक बूट बघत गेली; सगळे तिनेच घातले होते. पहिली संधी गेली.

त्या दिवशी मावशी माझ्यावर अशी आदळली की माझे चारही पाय शहारले. तिचा राग अगदी नाकावर होता. मदत केली म्हणून नापास, हा कुठला न्याय? तिने अख्खं घर वाढवलं होतं, आणि आता मुलांना बूट घालायचे नाहीत हे तिला कुणी शिकवायचं? मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग तिच्यासमोर जमिनीवर बसून त्या म्हणाल्या, "तुम्ही बूट घातलात की आजचं काम झालं. त्या पोरीने स्वतः घातला की उद्याचंही झालं."

मावशीला ते पटलं नाही. पटलं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही घरी. तिचा मुलगा, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढा वाढलेला, न्हाणीघरातून ओरडला की आई, टॉवेल! ती टॉवेल घेऊन धावली आणि मध्येच थबकली. टॉवेल त्याच्या हाताशीच खुंटीला लटकत होता. बालवाडीत येऊन तिने हे सांगितलं आणि स्वतःच पोट धरून हसली. "इथे एक गोगलगाय, घरी हा दुसरा," म्हणाली. म्हणजे ते नाव तिनेही ठेवलं होतं! मला कोण आनंद झाला.

तेव्हापासून तिचा खरा अभ्यास सुरू झाला. बसायचं, बघायचं, हात आवरायचे. तुम्हाला सोपं वाटेल. पण एखादं मूल उलटा बूट चढवायला लागलं की मावशीचे हात शिवशिवायचे, ती जागेवरून अर्धी उठायची आणि मी लगेच कुर्रर्र करायचे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला तिचं काम बघत बसलेल्या मोठ्या बाई मान वर करायच्या. मावशी पुन्हा खाली बसायची. कुणीतरी माझ्या सांध्यात तेल घालायला निघालं, तेव्हा मोठ्या बाईंनी त्याला हात जोडून थांबवलं. ज्या कुरकुरीमुळे मी अडगळीत गेले होते, ती आता कामाला आली होती. मी मनातल्या मनात त्यांना दुवा दिला.

परीक्षक बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा आता नाहीतर कधीच नाही, हे खोलीतल्या खुर्च्यांनासुद्धा ठाऊक होतं. पुन्हा अंगणात जायची वेळ. मुलं आपापले बूट घालत होती. ज्यांचं झालं त्यांना मावशीने खिडकीशी पाठवलं, अंगणात आज काय नवीन दिसतंय ते शोधायला. मग ती गोगलगाईसमोर माझ्यावर बसली आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

गोगलगाईने डावा बूट उजव्या पायात घातला. मग काढला. मोजा वाकडा झाला, तो सरळ केला. मावशी फक्त म्हणाली, "टाच कुठे गेली गं?" पोरीने टाच शोधली. बूट आत गेला. दुसरा गेला. पट्टा चर्र करून चिकटला. ती उभी राहिली, पायांकडे बघत राहिली. जिंकलो, असं मला वाटलं.

आणि मग ती पोर परत खाली बसली. तिने चर्रकन पट्टे उघडले, दोन्ही बूट काढले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिला मजा वाटली होती ना!

खिडकीशी मुलं चुळबुळायला लागली. परीक्षक बाई लिहायच्या थांबल्या. मावशीचं सगळं वजन तिच्या तळपायांत आलं, मला ते जाणवत होतं. आता उठते, आता उठते, असं मला वाटलं. पण ती उठली नाही. मित्रांनो, मी अजिबात वाजले नाही. पोर पुन्हा तयार होईपर्यंत मावशी तशीच बसून तिच्याकडे बघत हसत राहिली.

निकाल यायला थोडे दिवस लागले. मुलं खेळत असताना मोठ्या बाई खोलीत आल्या आणि त्यांनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. मावशी पास झाली होती. त्या खोलीत आता तीही शिक्षिका. मावशी मटकन माझ्यावर बसली आणि रडायलाच लागली. ज्यांनी भरलेल्या करातून सरकारने तिची फी दिली त्या लाखो माणसांना ती ओळखत नव्हती. त्यांना धन्यवाद द्यायला जावं तरी कुणाच्या दारी, असं काहीसं ती हुंदक्यांतून म्हणत होती.

गोगलगाय खेळ सोडून उठली. कागदी रुमालांच्या खोक्यापर्यंत गेली. एक रुमाल ओढला, तो अर्धा फाटला, तिने दुसरा ओढला. खोली ओलांडून ती मावशीसमोर आली. मला वाटलं, आता ही तिचे डोळे पुसणार. पण तिने रुमाल मावशीच्या हातात ठेवला.

"घे," ती म्हणाली. "सावकाश पूस."

आणि हात पाठीमागे बांधून ती तिथेच उभी राहिली.

मित्रांनो, आपल्याला कुणाकुणाची मदत झाली ते सगळं कधी कळत नाही. मलाही माझ्या सुताराचा पत्ता ठाऊक नाही. म्हणून एवढंच मागते. तुमच्या घरी एखादं धाकटं भावंड बुटाशी झटत बसलं असेल, तर त्याच्या हातातून बूट ओढून घेऊ नका. शेजारी बसा. उशीर होईल. होऊ द्या.