मिस्त्री अकराव्या भागातच गेला

घड्याळजी आजोबांनी उभ्या आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं. नुसती धूळ झटकून 'नवा पार्ट टाकलाय हं' म्हणणाऱ्यांतले ते नव्हेत. अशा माणसाला सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदा एक लबाडी सुचली, आणि तीही कशासाठी, तर नातीला खूश करायला!

त्याचं असं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात साखर आटोक्यात येईना, म्हणून ऑपरेशन लांबत लांबत दीड वर्ष गेलं. दुकान बंद झालं, वर्तमानपत्र सुटलं, जग म्हणजे नुसता धुरकट पडदा. शेवटी एकदाचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि लांबचं लख्ख दिसायला लागलं, पण पठ्ठ्यानं घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. "अजून धूसरच आहे गं," म्हणत राहिले. वाचायचा चष्मा दुकानाशेजारच्या जुन्या चष्मेवाल्यानं दोन दिवस आधीच तयार करून दिला होता, तो सदऱ्याच्या खिशात दडवला. रविवारी टीव्हीसमोर सगळे बसले, की टकळीच्या आधी आपणच वाचायचं आणि पोरीचं तोंड बघायचं, असा बेत होता.

टकळी म्हणजे त्यांच्या लेकीची लेक, वय वर्षं अकरा. तोंडाची टकळी सतत चालू, म्हणून आजोबांनीच ठेवलेलं नाव. दर रविवारी संध्याकाळी सहाला आजोबा, लेक आणि टकळी मिळून एक जपानी ॲनिमे मालिका बघायचे. दुरुस्तीची एक बोट असते. ती बंदरोबंदर फिरते आणि लोकांच्या मोडक्या वस्तू नीट करून देते. बोटीवर एक धिटुकली मुलगी, एक आळशी मांजर आणि एक म्हातारा मिस्त्री. आजोबांचा जीव कुणावर बसला असणार ते सांगायला नकोच. बोलणं सगळं जपानी, खाली आपल्या भाषेत अक्षरं. आजोबांना ती दिसायची नाहीत, म्हणून टकळी मोठ्यानं वाचायची. मध्यंतरी मिस्त्रीचा आवाज एकदम घोगरा झाला, तेव्हा आजोबांनी काळजीनं विचारलं होतं. "वादळात भिजला ना, घसा बसलाय त्याचा," टकळीनं सांगितलं होतं. त्यावर आजोबा दर रविवारी हळहळायचे.

तर त्या रविवारी मालिका सुरू झाली. आजोबा खुर्चीत सरसावून बसले. घोगरा आवाज आला. पडद्यावर म्हातारा नव्हताच. जाड मानेचा एक मुकादम दात विचकून बोलत होता. खाली लिहिलं होतं: 'उद्या ही बोट माझी. त्या कार्टीला हाकलून देतो.'

"मिस्त्री म्हणतोय," टकळी वाचू लागली, "पोरी, घाबरू नकोस. मी आहे ना."

आजोबांनी आपला बेत बाजूला ठेवला आणि गुपचूप पुढचं वाचू लागले. पुढच्या दृश्यात मुलगी एका तसबिरीसमोर उभी होती. तसबिरीत मिशाळ म्हातारा, शेजारी खिळ्याला टांगलेला त्याचा पाना. 'मिस्त्रीकाका, अकराव्या बंदरावर तुम्ही गेलात, त्याला आज वर्ष झालं.'

"मिस्त्रीकाका, आज तुमचा वाढदिवस!" टकळीनं वाचलं.

"अरे वा! बघा बाबा, वाढदिवस आहे त्याचा," शेजारून लेक म्हणाली. तिचे डोळे अक्षरांवरच होते. म्हणजे तीही यात सामील.

आधी आजोबांना रागच आला, आणि थोडा विनोदीच राग. वर्षभर मी त्या चोराच्या घशाची काळजी करत होतो होय! मग हसूही आलं. पोरीनं आपल्यासाठी मेलेल्या माणसाला जिवंत ठेवलं, चालायचंच. आणि मग एकाएकी आठवलं. टकळी त्यांना आणखी एक गोष्ट वाचून दाखवायची. आक्काची पत्रं.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानंच त्यांना लहानाचं मोठं केलं. दोन दिवसांच्या प्रवासावरच्या गावी मुलाकडे राहायची. कानानं ठार बहिरी, फोनचा उपयोग शून्य, म्हणून पत्रं. पत्र आलं की टकळी वाचायची, आजोबा सांगतील ते उत्तर लिहून पेटीत टाकायची.

"जरा पडतो," म्हणून आजोबा उठले. खोलीत जाऊन दार लोटलं, चष्मा चढवला आणि पत्र्याचा डबा उघडला. पूर्वी त्यात घड्याळांचे काटे असायचे, आता पत्रं होती. आक्काचं अक्षर बघूनच त्यांना भरून आलं. जुनी पत्रं वर होती, त्यातली पहिली चार-पाच ठीक होती. मग हे निघालं:

'बाळ्या, डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. एकदा येऊन जा.'

हेच पत्र वाचताना टकळीनं आक्काच्या खिडकीतल्या कुंडीला फुलं आणली होती. आणि आजोबांनी खुशीत उत्तर सांगितलं होतं, तू मजेत आहेस हे ऐकून बरं वाटलं, डोळे झाले की सवडीनं येतो. ते उत्तर मात्र शब्दाला शब्द पोचलं होतं, कारण पुढचं पत्र असं होतं:

'सवडीनं नको रे. सवड आता माझ्याकडे नाही.'

त्याला त्यांनी काय सांगितलं होतं? तुझं छान चाललंय, जीव थंड झाला. देवा!

'बाळ्या, तुझं पत्र मिळालं. मी मजेत आहे म्हणतोस, तर असेन. आता बोलावत नाही.'

त्याखाली आणखी तीन कागद होते. दोन वीज कंपनीचे, एक टकळीच्या शाळेचा. ती तिन्ही 'पत्रं' त्यांनी कान देऊन ऐकली होती. दोनदा वाचायला लावली होती.

आजोबा बाहेर आले ते चष्मा पुन्हा खिशात दडवून, हातात शाळेचा कागद घेऊन.

"टकळे, आक्काचं हे मागचं पत्र पुन्हा वाच गं."

टकळीनं कागद पाहिला, आईकडे पाहिलं, आणि सराईतपणे सुरू केलं. "आक्काआजी म्हणते, गुडघे आता बरे आहेत..."

"सहलीला येताना पाण्याची बाटली आणा, असं नाही म्हणत आक्का?"

टकळीची टकळी जन्मात पहिल्यांदा बंद पडली. लेकीनं टीव्ही बंद केला.

"बाबा, तुम्हाला दिसतंय?"

"दिसतंय. आक्का कुठंय?"

"बाबा, तुमची साखर किती वाढली होती, दोन दिवसांचा प्रवास तुम्हाला झेपला नसता, डॉक्टरांनीच..."

"आक्का कुठंय विचारतोय मी."

"आत्या गेली, बाबा. दोन महिने झाले." लेक रडायला लागली. "हिनं त्या मिस्त्रीला जिवंत ठेवलं, तुम्ही किती खूश असायचात. मला वाटलं, तसंच... तुमच्या भल्यासाठीच केलं हो."

"भलं!" आजोबांचा आवाज चिरकला. "तुम्ही मला फसवलंत, ते मी गिळलं असतं. पण माझ्या तोंडून तिला फसवलंत. मरणाऱ्या बहिणीला मी लिहिलं, तू मजेत आहेस! काय समजून गेली असेल ती मला?"

टकळी हुंदके देत म्हणाली, "आजोबा, मिस्त्री मेला तेव्हा मी खूप रडले होते. तुम्हाला सांगवेचना."

"मग मलाही रडू द्यायचंस गं. माझाही होता तो."

ते टेबलाशी जाऊन बसले. खिशातला चष्मा नाकावर चढवला, खणातून कोरा कागद आणि पेन काढलं. लेक म्हणाली, "कुणाला लिहिताय, बाबा?"

"आक्काला. उत्तर राहिलंय तिचं."

डोळे पुसत टकळी नेहमीच्या सवयीनं त्यांच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसली आणि पेनासाठी हात पुढे केला.

आजोबांनी पेन दिलं नाही.