गुळगुळीत शंखांचं कुळ

मामांना सांगायचं कसं?

'मामा, एक गंमत दाखवू?' नको. गंमत कुणाची होणार, ते तिला माहीत होतं.

'मामा, तुमचं चुकलं.' जीभ झडेल.

भाची संग्रहालयातल्या खोलीत खिडकीपासून कपाटापर्यंत येरझाऱ्या घालत होती. मामांनी तरुणपणी जीवाश्मांवरून समुद्री गोगलगायींचं एक नामशेष कुळ मांडलं होतं. खूण एकच: शंखावर कंगोरा नाही, रेघ नाही, सगळं गुळगुळीत. त्यावर मामांचं नाव झालं. भाचीला भिंग धरायला शिकवलं तेही त्यांनीच. निवृत्त झाल्यावरही ते रोज डबा घेऊन इथेच येत. मामी म्हणायची, सवती पाहाव्यात तर अशा, कपाटात बसून संसार करतात.

आणि काल खणाच्या तळाशी पडलेला एक मळकट शंख भाचीनं साफ करायला घेतला, तर त्याला नखाएवढा कवचाचा तुकडा चिकटलेला. त्यावर उभे कंगोरे. म्हणजे मामा ज्याला शंख म्हणत होते तो शंख नव्हताच. शंखात शिरून दगड झालेला गाळ होता. कवच केव्हाच विरघळून गेलेलं. शंख आतून गुळगुळीत, म्हणून आतला गाळही गुळगुळीतच असणार. कंगोरे तर शेजारच्या खणातल्या, सगळ्यांच्या ओळखीच्या कुळाचे. मामांचं कुळ कधी नव्हतंच.

मामा आले. तिनं वाक्य जुळवलं, मोडलं, शेवटी नुसता शंख पुढे केला.

त्यांनी भिंग लावलं. ती कपाटाकडे गेली, परत आली, खुर्ची ओढली, बसली मात्र नाही.

"सुई दे," मामा म्हणाले.

तिचा हात थबकला. कवच इतकं ठिसूळ, की सुई जरा घसरली की पुराव्याचा भुगा. कुळ शाबूत. म्हाताऱ्या हाताला कोण बोल लावणार?

तिनं सुई दिली.

मामा कवचाच्या कडेची माती कोरू लागले. कण कण. एक कंगोरा लांबला. त्याच्या शेजारी दुसरा उघडा पडला.

"नखाएवढ्या तुकड्यावर माझं कुळ बुडवायला निघालीस," ते मान वर न करता म्हणाले. "कोण उभं करील तुला दारात? निदान शंखाचा अर्धा वेढा तरी मोकळा हवा."

ती पुन्हा खिडकीकडे वळली.

"आणि बस की गं एका जागी. उजेड अडवतेस."

ती बसली. पाय तेवढा हलत राहिला.

तिसऱ्या कंगोऱ्यापाशी मामा थांबले. थांबूनच राहिले. मग सुई त्यांनी तिच्यापुढे सरकवली.

"पुढचं तू कर. माझ्या हातून तुटेल."