वरच्या मजल्याच्या सळया

"काका, एकदाचं काय ते सांगा. सळया ठेवू की कापू?"

मिस्त्री कटर घेऊन गच्चीवर उभा होता. चारही कोपऱ्यांत खांबांच्या सळया कमरेएवढ्या वर आल्या होत्या, पुढे कधी मजला चढवायचा झाला तर जोड द्यायला. काका कठड्यावर टेकले. जन्मभर एका ऑफिसात लिफ्ट चालवलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा एक जिना चढून धाप लागत होती.

घर पाहावं बांधून म्हणतात. काकांनी पाहिलं आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. टिकाऊ घ्यायचं की परवडेल ते, या एका प्रश्नाने वर्षभर त्यांचा पिच्छा पुरवला होता. शेवटी त्यांनी आपल्यापुरती तोड काढली: डोळ्यांना दिसतं ते स्वस्तातलं आणि मातीत जातं ते अस्सल. म्हणून दारं फायबरची आली आणि प्रत्येक खोलीला उरल्यासुरल्या लॉटातली वेगळी फरशी. काकूंना काळ्या ग्रॅनाइटचा ओटा हवा होता. तिथेही साध्या फरशीवर भागवलं. पाया आणि खांब मात्र दोन मजल्यांचे. वरचा मजला मुलाचा. तो कुठे आज बांधायचा होता? पण तो आला की पाया कमी पडायला नको.

आणि काल मुलाचा फोन आला. त्याने तिकडेच, नोकरीच्या गावी, फ्लॅट घेतला होता. "बाबा, आता तुम्हीच दोघं इकडे येत जा अधूनमधून," म्हणाला. काकांनी अभिनंदन केलं आणि बायकोपासून ते लपवून ठेवलं. तिच्या ओट्याचा बळी आपण कशासाठी दिला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"नुसत्या ठेवल्या तर गंजतील," मिस्त्री म्हणाला. "मग पाणी थेट स्लॅबमध्ये. मजला चढवणार असाल तर बंदोबस्त करतो, नसाल तर कापून वर प्लास्टर मारतो."

एवढ्यात काकू चहा घेऊन वर आल्या. काकांनी कप घेतला आणि मान खाली घालूनच म्हणाले, "अगं, तो येणार नाही. तिकडे घर घेतलंय त्याने."

"माहितेय मला."

"कालच तर फोन आला."

"मला पाया खणायच्या आधीच म्हणाला होता, आई, मी काही परत यायचो नाही. बाबांना तूच सांग."

काकांनी मान वर केली. "मग बोलली का नाहीस? दोन मजल्यांचा खर्च मातीत घातला मी! तुझा ओटा..."

"मरू दे तो ओटा. रोज सकाळी त्या खड्ड्यात उतरून उभे राहायचात. तोंडभर हसत. सांगायला म्हणून यायची आणि तशीच मागे फिरायची मी." काकूंनी पदराने कपाळ पुसलं. "तो आनंद नाही मोडवला मला."

काका रागवायला गेले, पण त्यांच्या अंगात तेवढंही त्राण नव्हतं. त्यांना फार थकल्यासारखं झालं. या बाईने वर्षभर एकटीने हे पोटात ठेवलं आणि वर आपल्याबरोबर हिंडून स्वस्तातली दारं निवडली, याचं त्यांना रडू येत होतं. मिस्त्रीसमोर कसं रडणार? त्यांनी चहा संपवला.

"काप," ते मिस्त्रीला म्हणाले. आणि तो पहिल्या कोपऱ्याकडे वळताच, "एका कोपऱ्यातल्या राहू देत."

"एकाच? कशाला?"

"कपड्यांच्या दोरीला."

मिस्त्री हसला. "काका, दोरीला दोन टोकं असतात. दुसरं कुठे बांधाल?"

काकांनी रिकामा कप कठड्यावर ठेवला.

"धरेन मी दुसरं टोक," काकू कप गोळा करत म्हणाल्या. "तू तुझं काम कर."

मिस्त्रीने कटर सुरू केला.