राजाचा चौकोन

सूड घ्यायला राग लागतो असं लोक समजतात. लागते ती सवड. आणि विभावरीकडं ती भरपूर होती, कारण तिचं काम ऑफिसातल्याच सत्यजितनं काढून घेतलं होतं.

जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या ऑफिसात ती माझ्या समोर बसते. लेसोथो सरकारच्या खर्चाला टप्प्याटप्प्यानं मंजुरी देणारं सॉफ्टवेअर करायचं काम आमच्या कंपनीला हवं होतं, आणि त्याचा सगळा अभ्यास तिचा. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेलं एवढंसं डोंगरी राज्य. पाणी शेजाऱ्याला विकतं, अमेरिकेसाठी जीन्स शिवतं आणि तिजोरी बरीचशी शेजाऱ्यांबरोबरच्या सामायिक जकातीवर भरतं. हे सगळं ती तिथल्या राजधानीत, मासेरूला राहून शिकली. परत आली तर सत्यजित आमच्या जर्मन साहेबांना, क्राउझेंना, तिचेच तक्ते ‘माझा आराखडा’ म्हणून दाखवत होता. प्रमुखपद त्याला मिळालं. विभावरीला मदतनीस म्हणून ठेवलं.

आता चोरलेली म्हैस बाजारात न्यायची तर शिंगं रंगवावी लागतात. सत्यजितनं चौकोन बदलले. विभावरीच्या आकृतीत मंजुरीची वाट अर्थमंत्र्यांकडून संसदेत जायची. त्यानं ते दोन्ही चौकोन उडवले, एकच मोठा टाकला आणि त्यात सोनेरी मुकुट बसवला. राजा म्हटला की आपल्या माणसाला तोच सहीशिक्क्याचा धनी वाटतो. क्राउझेंना तर प्रत्येक निर्णयाला एकच जबाबदार माणूस मिळाला की जेवण गोड लागतं.

रंगीत तालमीत त्यांनी विचारलं, “आल्झो, तर मग, काही सूचना?”

मी तोंड उघडणार, तोच टेबलाखाली विभावरीची टाच माझ्या बोटांवर आली.

“मुकुट छान आहे,” ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “अगं, तिथला राजा नुसता मानाचा ना? कारभार पंतप्रधानाचा.”

“गेनाऊ. अगदी बरोबर.”

“मग सांगत का नाहीस?”

“घर फोडलं त्यानं, ऊर्मिला. आता नळ कुठं गळतो तेही मीच दाखवू?”

“पण कामच गेलं तर?”

“जाऊ दे. त्याच्या नावावर मिळण्यापेक्षा गेलेलं बरं.”

मासेरूहून अर्थखात्याच्या म्मे माथाबो आल्या. ‘म्मे’ म्हणजे तिकडं मोठ्या बाईला आदरानं म्हणायचं, आई म्हणावं तसं. खांद्यावर जाड लोकरी ब्लँकेट, चष्मा नाकाच्या टोकावर. मुकुट पडद्यावर येताच त्यांनी चष्मा काढला.

“आमचे राजे आम्हाला प्रिय आहेत,” त्या शांतपणे म्हणाल्या. “म्हणून तर त्यांना बिलं पाठवत नाही. आमची संसद कुठं ठेवलीत?”

सत्यजित हसला. कोणीच हसेना तेव्हा थांबला. “विभा, तू जरा सांग ना.”

“तुझा आराखडा आहे, सत्यजित. मी कोण मध्ये बोलणारी?”

म्मे माथाबोंनी तिच्याकडं वळून पाहिलं. “तुम्ही मासेरूला आमच्याकडं आला होतात. जकातीचा वाटा आटला की कोणाचा खर्च आधी थांबतो, असं विचारणाऱ्या तुम्हीच ना?”

मग विभावरी उठली. फळ्यावर मंत्री काढला, संसद काढली, आणि जकात कमी आली तर वाट कुठं वळेल तेही काढलं. सत्यजितला तिनं पेनाचं टोपण धरायला दिलं. त्यानं ते तासभर धरलं.

काम मिळालं, पण विभावरी प्रमुख असेल तरच, या अटीवर. क्राउझेंना माणसांची लाज सांभाळायची भारी हौस. त्यांनी सत्यजितची म्युनिकला बदली सुचवली. तोही लगेच तयार झाला, घरं बघायला लागला.

विभावरीनं ऐकून घेतलं. नव्या प्रमुखाची हरकत असली तर बदली होत नाही, हे तिला ठाऊक होतं.

“छे छे, एवढा हुशार माणूस मी कशी सोडू?” ती म्हणाली. “प्रकल्प तीन वर्षांचा आहे. बसू दे त्याला इथंच, माझ्या शेजारी.”